दुखान रोडवरचं अधिवेशन

साहेब गेले. म्हणजे आपल्या देशात गेले, मेले नाहीत. हे आधी सांगून टाकतो, कारण आमच्याकडे नुसतं 'गेले' म्हटलं की ऐकणारा लगेच चेहरा पाडतो. आता ते आयर्लंडला भावाच्या शेतावर असतात आणि मला फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. मागे पाऊस, गाई हंबरतायत, आणि मधूनच साहेब ओरडतात, "ऑर्डर! ऑर्डर, डेप्युटी!" इथे आखातात, अझीझियाच्या खोलीत मी ते लावलं की शेजारचा केरळी भिंतीवर थाप मारतो. त्याला वाटतं, माझं कुणाशी तरी भांडण चाललंय. तसं ते चाललेलंच असतं.

मी ड्रायव्हर. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तर दमले म्हणून सुटली. आम्ही संगमेश्वरकडचे. साहेब कंपनीत पाइपांचे इंजिनिअर. उंच, वाकलेले, नाकाची साल बारा महिने सुटलेली. पूर्वी गाडी स्वतः चालवायचे. एकदा गाडीत त्यांच्याकडच्या पार्लमेंटचं भाषण लावलं होतं. कुठल्याशा गावातला कारखाना बंद पडलेला, माणसं घरी बसलेली, आणि मंत्री म्हणाला की नोकऱ्या येतील, काम चालू आहे. साहेबांनी दोन्ही हात वर करून त्याला जाब विचारला. मंत्री तिकडे, त्याला काय कळणार? गाडी इकडे राउंडअबाउटवरच्या फुलांत. त्यानंतर कंपनीने त्यांना ड्रायव्हर दिला.

दुखानला ऑफिसच्या शेजारी कंपनीचं घर मिळत होतं. ते त्यांनी घेतलं नाही. "पाच मिनिटांत कसलं अधिवेशन होतं?" म्हणाले. म्हणून अझीझियात फ्लॅट घेतला आणि रोज वाळवंट ओलांडून जायचं-यायचं. लोक घर बाजाराजवळ बघतात, पोरांच्या शाळेजवळ बघतात. हा माणूस लांब पडावं म्हणून घर बघणारा.

त्यांची पार्लमेंट मंगळवार, बुधवार, गुरुवार भरते. तिकडे दुपार होते तेव्हा आमची परतीची वेळ. साहेब मागच्या सीटवर, फोन मांडीवर, आवाज फुल. माझं इंग्रजी कामापुरतं, आणि पार्लमेंटमधली माणसं तर श्वास न घेता बोलतात. साहेब मध्येच बंद करून मला हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत समजावायचे. इथे मी सगळं मराठीत लिहितोय, पण ते तसं बोलायचे असं समजू नका. समजावून झालं की विचारायचे, "विरोधी पक्षाचं म्हणणं काय?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी आरशात बघितलं. मागे दुसरं कोणी नव्हतं.

"मी ड्रायव्हर आहे, साहेब."

"आजपासून तुम्ही डेप्युटी. आमच्याकडे सभासदाला डेप्युटी म्हणतात. मी सरकार. बोला."

"तुम्हीच का सरकार?"

"गाडी माझ्या नावावर मिळालीय म्हणून."

म्हटलं, आमच्या ग्रामपंचायतीतही असंच असतं. आणि बोललो. मंत्री खोटं बोलतोय म्हणालो. साहेबांनी सीटवर हात आपटला. "सभागृहात कुणाला खोटारडा म्हणायचं नाही! शब्द मागे घ्या."

"पण खोटं बोलतोय ना?"

"बोलतोय. शब्द मागे घ्या."

मी घेतला. मला तोंडावर बोलायची सवय. अख्ख्या आयुष्यात कुणी शब्द मागे घ्यायला लावला नव्हता, बायको सोडून. मग साहेबांनी शिकवलं की 'खोटारडा' म्हणायचं नाही, 'सन्माननीय सभासद सभागृहाची दिशाभूल करतायत' म्हणायचं. हे वाक्य मला फार आवडलं. आमच्या सामाईक स्वयंपाकघरात पाळीच्या दिवशी केरळ्याने भांडी घासली असं सांगितलं आणि कढईला तेल तसंच होतं, तेव्हा मी ते वापरून बघितलं. तो मुकाट्याने उठला आणि कढई घासली. शिवी दिली असती तर भांडला असता.

मतदानाची घंटा म्हणजे सीट-बेल्ट. त्यांच्याकडे मतदान आलं की सगळ्या इमारतीत घंटा वाजते. आमच्याकडे साहेब आपला बेल्ट काढायचे, की गाडी टुंग टुंग टुंग करायला लागायची.

"साहेब, बेल्ट लावा, पुढे कॅमेरा आहे."

"घंटा चालू असताना सभागृहात बोलायचं नाही, डेप्युटी."

मग वाटेतल्या शहानियाच्या पेट्रोल पंपावर गाडी लावायची. तिथे शर्यतीचे उंट बांधलेले दिसतात. साहेब ते उंट बघून म्हणायचे, "कोरम आहे." उंट नसले तर मतदान दुसऱ्या दिवशी. दोघांनी खाली उतरायचं. ठरावाच्या बाजूचा असेल त्याने बॉनेटकडून फेरी मारून यायचं, विरोधातल्याने डिकीकडून. सरकार बॉनेटकडून, मी डिकीकडून, आणि मत एक-एक. पंपावरच्या नेपाळ्याला आधी वाटायचं की टायरमध्ये काही बिघाड आहे. पुढे तोही निकाल विचारायला लागला.

आता सारखी बरोबरी झाल्यावर निकाल कुणी द्यायचा? त्यासाठी सभापती लागतो. सभापती आमची ही.

ते असं झालं की मी रोज त्याच वेळेला घरी फोन करायचो. इथे चार वाजतात तेव्हा गावी दिवेलागण, ती गोठ्यात तांबूची धार काढत असायची. तांबू आमची गाय. फोन पुढच्या रिकाम्या सीटवर, स्पीकर चालू, धारेचा आवाज गाडीभर. एकदा साहेबांनी तो आवाज ऐकला आणि मांडीवरची पार्लमेंट बंद केली. मग पुढे वाकून विचारलं, "किती दूध देते?" मी मराठीत विचारलं. ती म्हणाली, "त्याला कशाला पायजे? दृष्ट लावील."

साहेबांच्याही गाई होत्या, भावाकडे. त्यांच्याकडे तेव्हा मोठा वाद चालला होता, की शेताच्या मानाने गाई किती पाळायच्या, शेण-मूत नदीत उतरतं त्याचं काय करायचं, आणि त्याचा कायदा येणार. शेतकरी म्हणत, आम्ही मेलो. शहरातले म्हणत, नदी मेली. साहेब एकदा ह्या बाजूने तापायचे, एकदा त्या बाजूने. मी तो वाद हिला सांगितला. तिने धार न थांबवता निकाल दिला.

"त्या म्हाताऱ्याला सांगा, घरची गाय भावावर टाकलान नि तिथं पाइप मोजीत बसलाय. त्यान गाईवर बोलायचाच नाय."

मी साहेबांना म्हटलं, "ती म्हणते, विचार करायला पाहिजे."

"डेप्युटी, तुम्ही सभागृहाची दिशाभूल करताय. अक्षरशः सांगा."

अक्षरशः सांगितलं. वाटलं, गेली नोकरी. साहेब एवढे खूश झाले की मांडीवरचा फोन खाली पडला. "सभापतींनी मला गप्प बसवलं!" आणि खरंच शहानियापर्यंत गप्प बसले. त्या दिवसापासून पुढची सीट सभापतीची. तिथे पिशवीसुद्धा ठेवायची नाही.

ती सभापती म्हणून काही फार न्यायी नव्हती. ज्याचा आवाज मोठा त्याच्या विरुद्ध निकाल. कधी कधी विषय काय आहे हे न ऐकताच निकाल. पण शेवट नेहमी एकच असायचा: "पुरे झाला. जेवून घ्या दोघांनी." ह्यावर सभागृह तहकूब. साहेबांनी ते वाक्य पाठ केलं होतं. दुपारी ऑफिसातली मीटिंग लांबली की तिथेही म्हणायचे, असं मला तिथला चहावाला सांगायचा. कुणाला कळायचं नाही, पण लोक उठायचे.

साहेबांच्या पार्लमेंटमधला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे वचन दिलेल्या कायद्यांवरचे प्रश्न. एकेक सभासद उठतो आणि विचारतो, अमुक कायदा करतो म्हणाला होतात, त्याचं काय झालं? आणि मंत्री उठून सांगतो, काम चालू आहे, ह्याच अधिवेशनात येईल. पुढच्या अधिवेशनात परत तोच प्रश्न, तेच उत्तर. साहेब म्हणायचे, "जगात एवढी प्रामाणिक जागा दुसरी नाही. खोटं कुठे बोलायचं ते ठरलेलं आहे."

गाडीतही तसंच. मी विचारायचो, एसीचं काम कधी? साहेब म्हणायचे, ह्याच अधिवेशनात. मी विचारायचो, तुम्ही परत जाणार होतात ना भावाकडे? ह्याच अधिवेशनात. एकदा सभापतीने मध्येच तोंड घातलं. "आणि तुम्ही कायमचे कदी येताय घरी?" सभापतीने प्रश्न विचारायचा नसतो. पण तिला कोण सांगणार? मी म्हटलं, "ह्याच अधिवेशनात." ती म्हणाली, "कसला अधिवेशन?" साहेब मागे तोंडाला रुमाल लावून हसत होते.

ती गेली. म्हणजे ह्या वेळी तसंच गेली. ताप आला, डोक्यात चढला, संपलं. मी पोचलो तेव्हा अंगणातली माणसं उठून घरी निघाली होती. दिवस केले आणि परत आलो, कारण तिथे काय करू हे मला कळेना. इथे निदान गाडी चालवता येते.

पहिल्या दिवशी परतताना साहेबांनी दुखान सोडल्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली. खाली उतरले. खिशातून काळा टाय काढून बांधला. ऊन असं की डांबर मऊ पडलेलं. मला म्हणाले, "सभापती गेल्यावर सभागृह उभं राहतं." आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला, हात बांधून, उभे. ट्रक हॉर्न मारत जातायत. तेवढ्यात पोलिसाची गाडी थांबली. काच खाली करून पोलीस म्हणाला, "काय झालं? गाडी बंद पडली?"

साहेब म्हणाले, "आमचे सभापती वारले."

पोलिसाने गाडीत वाकून बघितलं. पुढे, मागे. मग डिकीकडे बघितलं. मी घाईघाईने म्हटलं, "माझी बायको. इंडियात." तेव्हा त्याने टोपी काढली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि तोही आमच्या शेजारी उभा राहिला. नंतर मला म्हणाला, "यल्ला, चला, आत बसा, म्हाताऱ्याला ऊन लागेल." म्हातारा म्हणजे साहेब की मी, ते काही कळलं नाही.

त्यानंतर गाडीत अधिवेशन बंद. साहेब फोन लावायचे, पण कानात वायर घालून. मी गाडी चालवायचो. पुढची सीट रिकामी. चार वाजले की हात फोनकडे जायचा आणि परत यायचा.

मग मुलाचा फोन आला. तो चिपळूणला नोकरीला असतो. "बाबा, तांबूचं काय करायचं? रविवारी एक जण बघायला येतोय. चांगला माणूस आहे, गोठा आहे त्याचा. घर बंद, तुम्ही तिकडे, मी इकडे. वैनीने किती दिवस बघायचं?" वैनी म्हणजे शेजारची माझी चुलत भावजय. पोराचं काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, कळवतो. कळवायला जमेना. हो म्हणवत नव्हतं, नाही म्हणवत नव्हतं.

साहेबांना मी एवढंच सांगितलं, गाय विकायची की नाही ते ठरवायचंय. मंगळवारी परतताना त्यांनी कानातल्या वायरी काढल्या.

"सरकार एक विधेयक मांडतंय. तांबू विक्री विधेयक."

"साहेब, नको. माझं डोकं ठिकाणावर नाही."

"सरकारचं म्हणणं असं की गाय विकावी. गाय गेली की डेप्युटींचं गावी परत जायचं कारण संपलं. म्हणजे सरकारला ड्रायव्हर टिकला. नोकरी वाचली, एक कमी गाय म्हणजे नदी वाचली. विरोधी पक्षाचं म्हणणं काय?"

मला राग आला. असा आला की गाडी थोडी हलली. माझ्या बायकोच्या गाईवर हा पाइपवाला कायदा करणार?

"तुम्ही एक नंबरचे स्वार्थी आहात."

"शब्द मागे घ्या."

"घेत नाही!"

"नोंद करा, डेप्युटी शब्द मागे घेत नाहीत. पुढे बोला."

आणि मी बोललो. ती गेल्यापासून तिच्याबद्दल कुणाशी बोललो नव्हतो. विरोधी पक्षाला बोलावंच लागतं. तांबू वासरू होती तेव्हा नाल्यात पडली, तर हिने पदराने बांधून ओढून काढली, ते सांगितलं. तांबू आजारी पडली तेव्हा ही गोठ्यात झोपली आणि मला फोनवर म्हणाली, तुम्ही नाय ना घरी, मग हितं काय नि तिथं काय. सगळं सांगितलं. बुधवारी परत तेच. साहेब सरकारच्या बाजूने एकेक मुद्दा काढायचे, इतके दळभद्री मुद्दे की मला उत्तर देताना जोर यायचा.

गुरुवारी मतदान. रविवारी माणूस येणार, म्हणजे ह्यापुढे ढकलता येत नव्हतं. पण बुधवारी खोलीवर आल्यावर वैनीचा व्हिडिओ कॉल आला होता. गुरुवारी गाडीत बसल्यावर साहेब म्हणाले, "विरोधी पक्षाचं शेवटचं भाषण." आणि मी ते सांगितलं.

तांबू दुसऱ्याला कासेला हात लावू देत नाही, लाथ मारते. म्हणून वैनी हिची जुनी साडी अंगावर गुंडाळते आणि मग धार काढायला बसते. वासाने गाय उभी राहते. वैनीच्या नातीने फोन धरला होता. मला मागून दिसलं. हिची हिरवी साडी, वाकलेली पाठ, कासेखाली कळशी. मी हाक मारली. नावाने मारली, जी मी चार माणसांत कधी मारली नाही. तेव्हा वैनी वळली. ती पण घाबरली, मी पण.

"बस्स," मी म्हटलं. "भाषण संपलं."

मग मागून टुंग टुंग टुंग.

शहानियाच्या पंपावर थांबलो. उंट होते. उतरलो. मी मनाशी ठरवलं होतं. ती साडी मला परत बघायची नव्हती. गाय आहे तोवर कुणीतरी ती साडी गुंडाळून बसणार, आणि मी हाक मारणार. विकून टाकू. मी आयुष्यात पहिल्यांदा बॉनेटकडे वळलो. सरकारच्या बाजूने.

बॉनेटला वळसा घालून पलीकडे आलो, तर साहेब डिकीकडून येत होते.

आम्ही समोरासमोर उभे राहिलो. नेपाळी नळी हातात धरून बघत होता. त्याला एवढं कळत होतं की आज दोघं उलटे फिरले.

"तुम्ही सरकार ना?" मी म्हटलं. "स्वतःच्या विधेयकाविरुद्ध?"

"सरकारमध्ये फूट पडली," साहेब म्हणाले. मग नाकाची साल ओढत म्हणाले, "आमची आई गेल्यावर गाई भावाला उभ्या राहीनात. तो आईचा कोट घालून, डोक्याला तिचा रुमाल बांधून धार काढायचा. मोठ्या मिशा, आणि हनुवटीखाली रुमालाची गाठ. पोस्टमन बघून गेला आणि अख्ख्या गावात झालं. भाऊ म्हणायचा, हसू देत. गाय माझ्याकडे बघत नाही, आईकडे बघते. तेवढं चालू राहू दे. मी ते बघायचं नाही म्हणून इथे आलो, डेप्युटी. वाळवंटात गाय नसते."

मत एक-एक. गाडीत बसलो. साहेबांनी बेल्ट लावला नाही, घंटा चालूच.

"बरोबरी," ते म्हणाले. "निकाल सभापतींचा."

"सभापती नाहीत."

"जागा आहे ना?"

दोघं त्या रिकाम्या सीटकडे बघत बसलो. मला तिचं वाक्य माहीत होतं, पण ते तोंडातून निघेना. टुंग टुंग टुंग. तेव्हा साहेब पुढे वाकले, त्या सीटला मान लववली आणि तिच्याच सुरात, तसंच शेवटी खाली येत, म्हणाले, "पुरे जाला. जेवुन ग्या दोगानी."

मी हसलो. असा हसलो की पंपावरचा नेपाळी धावत आला. रडत पण होतो, पण त्याला मी काही करू शकत नव्हतो. साहेबांनी बेल्ट लावला. घंटा थांबली.

मागच्याच बाजूला पाकिस्तानी हॉटेल आहे, तिथे डाळ-रोटी खाल्ली. तिथूनच मुलाला फोन केला. म्हटलं, सभापतीने निकाल दिला नाही, म्हणजे आहे तसंच राहणार. गाय विकायची नाही.

"कसला सभापती? बाबा, मग बघणार कोण?"

"मी येतो."

"कधी?"

मी साहेबांकडे बघितलं. ते रोटीने डाळ पुसत होते. म्हटलं, "ह्याच अधिवेशनात."

त्यानंतर साहेबांनी राजीनामा दिला. स्वतःच्या विधेयकावर सरकार पडलं की राजीनामा द्यावाच लागतो म्हणाले. ऑफिसात त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं. मला मात्र कंपनीच्या कागदांनी अडकवलं, त्यात दिवस गेले. साहेबांचा दर आठवड्याला आवाज यायचा, वचन दिलेल्या कायद्याचं काय झालं? मी म्हणायचो, काम चालू आहे.

परवा सुटका झाली. तिकिटाचा फोटो काढून त्यांना पाठवला. वैनीलाही सांगितलं की साडी धुऊ नको, मी आल्यावर मीच बसतो धारेला. ती म्हणाली, "साडी नेसून?" म्हटलं, गुंडाळून. गाव हसलं तर हसू दे.

साहेबांचं उत्तर काल आलं. त्यात शब्द एकही नाही. ते त्यांच्या गाडीत बसलेत, काचेवर पाऊस वाजतोय, आणि त्यांनी बेल्ट काढलाय. टुंग टुंग टुंग टुंग. किती तरी वेळ नुसतं तेच. मी आवाज फुल केला. केरळ्याने भिंतीवर थाप मारली.

म्हटलं, "थांब रे. मतदान चाललंय."